प्रायमरखालची लांबी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साखर कारखान्याच्या कन्व्हेयरचे बीडाचे (ओतीव लोखंडाचे) ब्रॅकेट तपासायला गेलो, तर माल आधीच प्रायमर मारून रचलेला. तपासणीआधी रंगाची घाई कशाला, म्हणून कानस घेतली. हातोडीने ठोकून भेग कळते. बुजवलेलं भोक कळेलच असं नाही. बोल्ट बसतो त्या कानाच्या बुडाशी खरवडलं, तर कानस एका जागी मऊ गेली. ब्लो लॅम्प धरताच धूर निघाला, भोक बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) फुगून सुटली. आत शेंगदाणा मावेल एवढं ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी.

"साहेब, रंगाखाली दिसत नाही ओ," फेटलिंगवाले (ओतलेला माल घासून साफ करणारे) मामा म्हणाले.

"मामा, टे नदीवरच्या पुलाला हेच केलं होतं."

स्कॉटलंडात डंडीजवळ टेच्या खाडीवरचा हा रेल्वेपूल जून 1878 मध्ये सुरू झाला आणि 28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री मधले 13 उंच गाळे गाडीसकट खाडीत गेले. गाडीतलं कुणी वाचलं नाही. पुलाचा इंजिनिअर थॉमस बाउचने आधी विटांचे खांब योजले होते. पण बोअरिंगमध्ये खडक समजलेला थर घट्ट गोट्यांचा निघाला, खाली मऊ गाळ. वजन कमी करायला खांब बीडाच्या नळ्यांचे केले, त्यांना तिरक्या पट्ट्यांनी बांधलं. पट्ट्या अडकवायचे कान नळीबरोबरच ओतलेले. ओतकाम खाडीकाठी वर्मिटला झालं. तिथे ब्लो होल मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लगद्याने बुजवत.

पण सगळा दोष लगद्यावर टाकणं चूक. वाऱ्याचा दाब हिशेबात धरलाच नव्हता. शिवाय कानांची भोकं ड्रिल न करता ओतलेली. साचा मोडू नये म्हणून पॅटर्नला (साच्यात ठसा उठवायच्या नमुन्याला) उतार लागतो, त्यामुळे असं भोक एका बाजूला निमुळतं होतं आणि बोल्ट पूर्ण न टेकता एका काठावरच भार घेतो. पूल पडल्यावर धातूंच्या चाचण्या करणाऱ्या कर्कल्डीने चाचणी घेतली, तेव्हा 60 टन अपेक्षित असलेले कान 20-25 टनांच्या आसपास तुटले. पट्ट्या ढिल्या होऊन खडखडत होत्या, त्या आवळण्याऐवजी सांध्यात लोखंडी पाचरी ठोकल्या. खडखड थांबली; वाकडे झालेले खांब तसेच वाकडे राहिले.

आमच्या ब्रॅकेटची भोकंही कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) घालून ओतलेली, उतारासकट. कान साच्याच्या वरच्या पेटीत येत होता, म्हणून वायू तिथेच अडकायचा. वर व्हेंट (वायू जायची वाट) नाही, आणि वाळू मुठीत दाबली तर हाताला ओल लागत होती. पॅटर्न उलटा करून कान खालच्या पेटीत घ्या, व्हेंट काढा, वाळूची ओल 3-4 टक्क्यांवर आणा, कान भरीव ओतून ड्रिल मारा, असं लिहून दिलं. लॉट भंगारात. मामांनी विचारलं, "लांबी लावलेले तेवढेच काढू की?" सगळ्यांचा प्रायमर जाळून बघायचा खर्च नव्या हीटपेक्षा, म्हणजे पुन्हा वितळवून ओतण्यापेक्षा, जास्त आला असता.