फेडरला आकडा देताना

लॅपटॉपवरून नाटकाचं पार्श्वसंगीत चालवताना माउस किती अपुरा पडतो, ते विंगेतल्या अंधारात बसल्यावर कळतं. पाऊस हळूहळू उतरवायचा, त्याच वेळी तंबोरा चढवायचा आणि नजर मात्र नटावर ठेवायची. माउस एका वेळी एकच काम करतो, आणि तेही स्क्रीनकडे बघितल्याशिवाय नाही. बाजारातले स्वस्त मिडी कंट्रोलर (वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या मिडी या भाषेत आकडे पाठवणारे डबे) मी पाहिले होते, पण त्यांचे फेडर, म्हणजे वरखाली सरकवायचे दांडे, बोटभरही नसतात. सावकाश फेड करायला, म्हणजे आवाज हळूहळू चढवायला-उतरवायला, मला साठ मिलिमीटरचा प्रवास हवा होता. म्हणून आमच्या हौशी ग्रुपच्या एकांकिकांसाठी मी स्वतःच एक डबा जोडला: आठ फेडर, चार नॉब आणि दोन गोल फिरणारे एन्कोडर. सोल्डरचा डाग द्यायचं काम कुणालाही शिकता येतं. माझा खरा वेळ गेला तो त्यानंतर, कुठला फेडर कुठला आकडा पाठवणार आणि त्या आकड्याचं पुढे काय होणार हे ठरवण्यात.

सामानाबद्दल थोडक्यात. मेंदू म्हणून प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला. त्याच्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच असल्याने लॅपटॉपला तो थेट मिडी उपकरण म्हणून दिसतो. साध्या आर्डुइनो उनो बोर्डला हे सरळ जमत नाही. बारा पोटेन्शिओमीटरना, म्हणजे फेडर आणि नॉबमधल्या बदलत्या रोधांना, पुरतील एवढ्या अ‍ॅनालॉग पिना त्यावर नाहीत, म्हणून मध्ये सोळा वाटांचा ४०६७ मल्टिप्लेक्सर टाकला; तो सोळा वाटा एकाच पिनेवर आळीपाळीने वाचू देतो. नॉब घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानातल्या काकांनी विचारलं, "ए देऊ का बी?" बी म्हणजे लिनियर, म्हणजे बोट अर्ध्यावर आलं की रोधही अर्धा. ए लॉगरिदमिक, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमला लागतो तो. इथे बी दहा के, म्हणजे दहा किलोओहमचा लिनियरच हवा, कारण आवाजाचा चढउतार कसा असावा ते प्रोग्राममध्ये ठरवायचं असतं. घरी आल्यावर मल्टिमीटर लावून मधोमध पाच किलोओहमच्या आसपास येतंय का ते पाहिलं. छापलेल्या अक्षरावर माझा फारसा विश्वास नाही.

सुरुवातीला फेडरना हात न लावताही आकडे हलत होते. ६३, ६४, पुन्हा ६३. मल्टिप्लेक्सरच्या रिकाम्या चार वाटा लोंबकळत सोडल्या की त्या हवेतलं काहीबाही उचलतात, आणि त्याची सावली शेजारच्या वाचनात पडते. त्या चारही ग्राउंडला जोडल्या, सिग्नलच्या पिनेवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि वाट बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्यायला लागले. उरलेली थरथर प्रोग्राममधल्या हिस्टेरेसिसने गेली, म्हणजे वाचन ठरावीक अंतराच्या पुढे सरकल्याशिवाय नवा आकडा पाठवायचाच नाही. स्थिर फेडरने गप्प राहणं ही माझी पहिली अट होती.

मग टोकं. आत येणारं वाचन ० ते १०२३ असतं आणि मिडीला ० ते १२७ हवं, तर आठने भागलं की झालं, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात स्वस्त फेडर दोन्ही टोकांना पूर्ण पोचत नाहीत. माझा एक खाली १२ वर अडायचा, म्हणजे मिडीत १, म्हणजे पाऊस कधी पूर्ण थांबायचाच नाही! दुसरा वर १०१५ च्या पुढे जात नव्हता, म्हणून १२६ वर लटकायचा. प्रत्येक फेडरची खरी टोकं मोजून प्रोग्राममध्ये लिहिली आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडली. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

आता आकडे. मिडी १९८३ सालचं. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलू लागले, आणि तेव्हा ठरलेली भाषा आजही जवळपास तशीच चालते. कंट्रोल चेंज, म्हणजे सीसीच्या संदेशात तीन बाइट: कुठल्या चॅनलवर, कुठला कंट्रोलर, किती. बाइटमधला सर्वांत वरचा बिट 'नवा संदेश सुरू झाला' हे सांगायला राखून ठेवलेला, म्हणून उरतात सात बिट आणि १२८ पायऱ्या. साठ मिलिमीटरच्या फेडरवर एक पायरी साधारण अर्ध्या मिलिमीटरची होते. पावसाला तेवढं पुरतं. तंबोऱ्यासारख्या सलग सुरावर सावकाश फेड करताना कान लावला तर त्या पायऱ्या जाणवू शकतात. मॅकी कंपनीच्या कंट्रोलरच्या पद्धतीत फेडर सीसीऐवजी पिच बेंड वापरतात, त्यात चौदा बिट मिळतात. पण तिथे कुठला फेडर काय करणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं, आणि मला प्रत्येक फेडर माझ्या मर्जीने बांधायचा होता.

सीसीचे काही क्रमांक आधीच नावावर लागलेले आहेत: १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल. १२० पासून पुढचे तर 'सगळे स्वर बंद करा' छापाच्या आज्ञांसाठी राखीव. फेडरला ७ देणं सोपं वाटतं, पण एखादा वाद्याचा ट्रॅक रेकॉर्डसाठी उघडा असेल तर तोच संदेश वाद्यातही शिरतो आणि आवाज दोन ठिकाणी खाली जातो. म्हणून फेडरना २० ते २७ आणि नॉबना १०२ ते १०५ दिले. या क्रमांकांना कुठलंही ठरलेलं काम नाही.

लॅपटॉपवर मी रीपर हा ध्वनिमुद्रण-मिश्रणाचा प्रोग्राम वापरते. पहिल्यांदा जोडलं तेव्हा रीपर उपकरण उघडेचना. पार्श्वभूमीला मिडीचे संदेश दाखवणारं मिडी-ऑक्स चालू होतं, आणि माझ्या विंडोज १० वर एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत होतं. ते बंद करून रीपरच्या सेटिंगमध्ये त्या उपकरणासाठी कंट्रोल संदेशांची खूण केली. पुढे 'ट्रॅक एकचा आवाज' ही कृती निवडून फेडर हलवायचा, की जोडणी होते. ही जोडणी ट्रॅकच्या क्रमांकाशी असते, नावाशी नाही. म्हणून पहिले आठ ट्रॅक मी कायमचे बस म्हणून, म्हणजे अनेक क्लिपांचा आवाज एकत्र आणणारे ट्रॅक म्हणून, राखले: पाऊस, रस्ता, तंबोरा, गर्दी, असे. क्लिपा त्यांच्या पोटात कितीही बदलोत.

तालमीत पहिल्याच फेडला सगळे दचकले, कारण रीपरमधला फेडर शून्य डेसिबलच्या, म्हणजे क्लिपच्या मूळ पातळीच्याही वर जातो आणि माझं वरचं टोक त्या शिखराला जाऊन भिडत होतं. बोट टोकाला टेकलं की बरोबर हवा तेवढा आवाज यावा, त्याच्यापुढे काही नसावं, असं मला वाटतं. म्हणून शून्याच्या सर्वांत जवळ नेणारा आकडा शोधला आणि फेडरचं वरचं टोक तिथेच अडवलं. खालच्या पाव भागात आवाज भराभर नाहीसा होतो, उरलेला पाऊण भाग मी कानाला महत्त्वाच्या पट्ट्याला दिला. हा उतार प्रत्येक फेडरला वेगळा आहे. संवादाखाली वाजणाऱ्या तंबोऱ्याचा सर्वांत सौम्य.

एन्कोडरचं गणित निराळं. त्याला टोक नाही, त्यामुळे तो 'कुठे आहे' हे न सांगता 'किती सरकला' एवढंच सांगतो. हे सांगण्याच्या तीन रूढ पद्धती आहेत आणि रीपर तिन्ही ओळखतो: उलट दिशेसाठी एकात १२७, दुसरीत ६३, तिसरीत ६५. दोन्हीकडे एकच पद्धत हवी, नाहीतर एका टिचकीत किंमत पार दुसऱ्या टोकाला जाते. शिवाय माझ्या एन्कोडरची प्रत्येक टिचकी चार स्पंदनं देते, ती चाराची एक करावी लागली.

सॉफ्ट टेकओव्हरबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. त्यात फेडर एका जागी आणि सॉफ्टवेअरमधली किंमत दुसऱ्या जागी असेल, तर फेडर त्या किमतीवरून जाईपर्यंत गप्प राहतो, उडी मारत नाही. घरी संगीत रचताना मी ते चालू ठेवते. प्रयोगात मात्र नाही. क्यू आला, फेडर ढकलला आणि काहीच झालं नाही, यापेक्षा वाईट काय असणार? त्यामुळे फेडरना दुसरी बँकही, म्हणजे बदलून घ्यायचा दुसऱ्या कामांचा संचही, दिलेली नाही. एक फेडर, एक काम. त्याऐवजी डब्यावर एक बटण आहे. पडदा उघडण्याआधी ते दाबलं की बाराही जागांचे आत्ताचे आकडे एकदम पाठवले जातात, आणि डोळ्यांना दिसतं तेच रीपरमध्ये असतं. डबा चालवणारी कॉलेजची मुलगी तालमीत दोनदा म्हणाली, "ताई, ते बटण मोठं करा." मोठं केलं, आणि फेडरखाली मास्किंग टेपवर मार्करने नावं लिहिली.

हॉलवर दुसरा लॅपटॉप मिळाला तर काय काय न्यायचं, हेही पाहून ठेवलंय. ट्रॅकच्या आवाजाशी बांधलेले फेडर रीपरच्या की-मॅपमध्ये, म्हणजे त्या लॅपटॉपवरच्या जोडण्यांच्या यादीत, राहतात, प्रोजेक्टमध्ये नाही. प्लगिनच्या (आवाजावर संस्कार करणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या) पॅरामीटरशी बांधलेले नॉब मात्र प्रोजेक्टसोबत जातात. त्यामुळे नुसती प्रोजेक्ट फाइल नेली तर नॉब चालतील आणि फेडर मुके राहतील. पेनड्राइव्हवर आता प्रोजेक्ट, एक्स्पोर्ट केलेला की-मॅप आणि प्रो मायक्रोचा प्रोग्राम एकाच फोल्डरमध्ये असतात, आणि नवीन लॅपटॉपवर उपकरणाची कंट्रोल संदेशांची खूण पुन्हा करावी लागते, एवढं त्याच फोल्डरमधल्या चिठ्ठीत लिहिलंय.