कशावरून?

आज हर्णैला खडकात कालवं काढणाऱ्या मावशींना विचारलं, "उद्या सुकती (ओहोटी) येईलच, कशावरून?" डोक्यात तत्त्वज्ञ ह्यूम (१७११–१७७६) होता ना: सूर्य आजवर उगवला म्हणून उद्याही उगवेल, हे तर्काने सिद्ध होत नाही.

"येल की. पाऊण तास उशिरा." तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा त्यांचा हिशेब.

मग एक कालव फोडलं, हुंगलं आणि भिरकावलं. "ह्याचा भरवसा नाय." म्हणजे संशय त्यांनाही येतो, पण नेमका. माझा सगळीकडे सांडलेला! (ह्यूमसुद्धा शंकांनी थकला की मित्रांबरोबर जेवायचा, बॅकगॅमन खेळायचा.)

एवढ्यात पाणी गुडघ्याला लागलं, डावी चप्पल गेली. मावशी केव्हाच किनाऱ्यावर.