नृसिंहाच्या मुखवट्यावरचा सोनेरी रंग

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास मी नृसिंहाच्या मुखवट्याची पेटी उघडली आणि मुकुटाला धरून तो वर उचलला, तेव्हा सोनेरी भुवईचा तुकडा माझ्या अंगठ्याला चिकटला आणि काकवीसारखी तार धरत मूळ चेहऱ्यापासून सुटून आला. मिशांच्या मुळाशी रबर इतके मऊ पडले होते की बोट लावले तर खळगा पडून तसाच राहत होता. प्रयोग रात्री नऊ वाजता होता.

मी सांगलीत विश्रामबागेत एका खोलीत नाटकांसाठी रबरी मुखवटे आणि चेहऱ्यावर चिकटवायचे जखमा, सुरकुत्या, नाके असे अवयव तयार करते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये या गावात पहिला प्रयोग केला. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच्याच स्मरणार्थ पाळला जातो, आणि त्या आठवड्यात इथे नाटक करायचे म्हणजे प्रेक्षक पारखून घेणार हे ठरलेले असते. हा नृसिंह मी एप्रिलमध्ये केला होता. मे आणि जूनमध्ये मिळून त्याचे तीन प्रयोग झाले आणि मग पावसाळाभर तो पेटीत पडून होता.

बाहेरच्या माणसाला वाटते की मुखवटा घडवणे अवघड आणि रंगवणे सोपे. साच्याचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे: प्लॅस्टरच्या साच्यात रबराचा चीक ओतला की प्लॅस्टर पाणी शोषून घेते, भिंतीला थर धरतो, उरलेला चीक परत ओतून घेतात आणि वाळल्यावर पावडर मारून मुखवटा सोलून काढतात. खरा कस रंगात लागतो. वाळलेले रबर मूळ लांबीच्या सहा-सातपट ताणले तरी जागेवर परत येते. नुसता अॅक्रिलिक रंग मात्र वाळला की त्याचा पापुद्रा होतो, नट तोंड उघडतो तेव्हा तो ओठांच्या कडेला तडकतो आणि दोन-तीन प्रयोगांत पोपडे गळू लागतात. आपल्याकडे अजूनही पुष्कळ मंडळी भिंतीच्या रंगात सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळून मुखवटे रंगवतात आणि मागच्या रांगांतून दिसत नाही म्हणून ते खपूनही जाते. मला ते मान्य नाही, कारण पहिल्या तीन रांगांतल्या माणसानेही तिकीट काढलेले असते.

म्हणून मी रंग चिकातच करते. यात कोरडी भुकटी थेट टाकली तर ती पाणी ओढून घेते आणि चिकाच्या गाठी होतात. त्यामुळे भुकटी आधी थोडे पाणी, दोन थेंब पातळ साबण आणि किंचित अमोनिया घालून काचेवर घोटावी लागते, लोण्यासारखी झाली की मगच चिकात सोडून लाकडी काडीने सावकाश ढवळावी लागते, आणि शेवटी मलमलीतून गाळून घ्यावी लागते. घाईने ढवळले तर फेस येतो, आणि तो फेस मुखवट्यावर टोचल्यासारख्या छिद्रांनी वाळतो. ओला चीक दुधासारखा पांढरा असतो आणि वाळल्यावर पारदर्शक, पिवळसर होतो, म्हणून वाटीत दिसणारा रंग नेहमी खोटा असतो. वाळून तो किती गडद होणार हे पट्टीवर लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. कुंचला आधी साबणाच्या पाण्यात बुडवला नाही तर चीक केसांत वाळून तो कायमचा जातो. मुखवट्यावरची पावडर धुऊन, स्पिरिटने पुसून काढली नाही तर कितीही उत्तम रंग दिला तरी तो धरत नाही. या साऱ्याला दोन दिवस लागतात, आणि प्रकाशयोजनेला सहज पैसे देणारे निर्माते या दोन दिवसांच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतात.

भुकट्या निवडण्याचाही एक नियम आहे, जो मला माझ्या गुरुजींनी पहिल्याच महिन्यात शिकवला. तांबे आणि मँगनीज हे रबराचे वैरी आहेत. त्यांचा अंश लागला की हवेतल्या प्राणवायूने रबर झपाट्याने सडते, आधी चिकट होते आणि नंतर ठिसूळ. म्हणून चिकाला पितळी भांडे लावायचे नाही, साच्यात तांब्याची तार राहू द्यायची नाही, आणि तपकिरी रंगासाठी अंबर माती वापरायची नाही, कारण तिच्यात मँगनीज असते. तांबडा ऑक्साइड आणि काळा मिसळून तपकिरी साधायचा. हे सगळे मी अठरा वर्षे काटेकोर पाळत आले आहे. सोनेरी रंगाच्या वेळी मात्र हा नियम मला आठवला नाही, आणि तेच मला अजून सुटत नाही.

निर्मात्यांना मुकुट आणि भुवया शेवटच्या रांगेपर्यंत झळकायला हव्या होत्या. रंगाच्या दुकानात मी सोनेरी भुकटी मागितली, रबरावर चालेल का असे विचारले, आणि दुकानदाराने चालते म्हणून सांगितले. बाटलीवर रंगाचे नाव होते, घटक नव्हते. विकणाऱ्याने घटक लिहावेत असे मला वाटतेच, पण अशी स्वस्त सोनेरी भुकटी म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा, म्हणजे पितळेचाच बारीक चुरा असतो, हे मला माहीत होते. ‘सोनेरी’ या शब्दाने माझे लक्ष पितळेवरून हटवले. शिवाय चिकात तो टिकून राहावा म्हणून अमोनिया असतो आणि अमोनिया तांब्याला विरघळवतो. रंग लावून झाल्यावर वाटीत उरलेल्या सोनेरी चिकाला दुसऱ्या दिवशी कडेने निळसर-हिरवी झाक आली होती. मी ती पाहिली आणि वाटी धुऊन टाकली.

नोव्हेंबरच्या त्या दुपारी मला हे काहीच आठवले नाही. मला आठवले ते खोबरेल तेल. नृसिंहाची भूमिका करणारे काका जुन्या वळणाचे नट आहेत. मुखवट्याची कड गालाला डिंकाने चिकटवलेली असते आणि ती सोडवायला ते तेल लावतात हे मी जूनमध्ये पाहिले होते आणि तेव्हाही टोकले होते. तेलाने रबर फुगते, हे खरेच आहे. त्यामुळे काका आत आल्याबरोबर मी सगळ्या मंडळींसमोर म्हणाले, “काका, तेल लावू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं? बघा काय झालंय ते.”

त्यांनी मुखवट्याकडे बराच वेळ पाहिले. “चुकलं बाळ माझं,” ते म्हणाले. “पण तेल नाही लावलं तर ते निघतंय व्हय? सालटं निघतं गालाचं.” मग त्यांनी खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले, हवे ते हातात देत.

सडलेले रबर दुरुस्त होत नाही, ते कापूनच टाकावे लागते. मी दोन्ही भुवया आणि मिशांची मुळे चांगले रबर लागेपर्यंत कातरली, कडा तासून उतरत्या केल्या, आतल्या बाजूने मलमलीचे तुकडे चिकात भिजवून लावले आणि पंख्याच्या वाऱ्यावर थरावर थर वाळवले. त्यानंतर मुकुटाकडे वळले. मुकुटाचा कळस टाळूच्याही वीतभर वर आहे. तिथे घाम पोचत नाही, गाल पोचत नाही, तेलाचा हात लागण्याचे कारण नाही. तो कळसही चिकट झाला होता. मी मुखवटा उलटा करून आतून दिव्यासमोर धरला, तर जिथे जिथे बाहेर सोनेरी रंग होता, तिथे तिथे आत फिक्कट हिरवी कड उमटली होती, तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या कळंकासारखी. गालांच्या कडेला, जिथे खरोखर तेल लागले होते, तिथे रबर थोडे सैल झाले होते, पण शाबूत होते.

तेव्हा तीन वाजले होते. काका शेजारी कात्री धरून बसले होते. मी काही बोलले नाही.

रंगासाठी दोन दिवस नव्हतेच, म्हणून मी दुसरी रीत धरली. अमेरिकी रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रोस-एड या त्वचेवर चिकटवायच्या डिंकात अॅक्रिलिक रंग निम्मानिम्म मिसळतात. आमच्या व्यवसायात त्याला पॅक्स म्हणतात. तो पातळ लावला की लवकर वाळतो, रबराबरोबर ताणला जातो आणि वाळल्यावरही थोडा चिकट राहतो, म्हणून त्यावर पावडर मारावी लागते. पिवळा, पांढरा आणि थोडा तांबडा असा सिंहाचा रंग मी स्पंजाने टिपत चढवला, कारण कुंचल्याने जोडाची रेघ दिसते. सोनेरी झळाळीसाठी माझ्या सौंदर्यप्रसाधनांच्या पेटीतली अभ्रकाची भुकटी होती. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम आणि लोहाचे ऑक्साइड चढवून ती करतात, तिच्यात तांबे नसते. पितळेइतकी ती झळकत नाही. कळस मी कापूनच टाकला आणि पुठ्ठ्याचा नवा बसवला.

साडेआठला काकांनी मुखवटा चढवला. मी त्यांना तीनदा जबडा पूर्ण उघडायला लावला आणि प्रत्येक वेळी ओठांची कड बॅटरीने तपासली. खांब दुभंगला, गर्जना झाली, टाळ्या पडल्या. मी विंगेत उभी राहून फक्त भुवया पाहत होते. त्या टिकल्या. प्रयोग संपल्यावर मी स्वतः, डिंक काढायच्या द्रावाने, अर्धा तास लावून कड सोडवली. ते काम माझेच होते, आणि तो द्राव जूनमध्येच त्यांच्या हाती द्यायला हवा होता. नुसते तेल लावू नका म्हणून भागणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. ते म्हणाले, “असू दे गं.” पण दोष मी मंडळींसमोर दिला होता आणि चूक मात्र त्यांच्या ओसरीवर, कुणी नसताना कबूल केली, हे मला खुपत राहिले. पुढच्या तालमीला जाऊन मी ते सर्वांसमोर पुन्हा सांगितले. त्यातल्या दोन तरुण मुलांना तोवर तेलाचीच गोष्ट खरी वाटत होती.

त्या मुखवट्यात उरलेल्या रबरातही तांबे मुरलेले असणार, म्हणून तो मी परत रंगवला नाही, नवा ओतला. जुन्याचे तुकडे डब्यात ठेवले आहेत आणि खोलीतल्या पत्र्याखाली, जिथे सर्वांत जास्त तापते तिथे, तारीख लिहिलेल्या रबराच्या पट्ट्या टांगल्या आहेत: काहींवर अभ्रकाचे सोनेरी, काहींवर त्याच बाटलीतले पितळ, काही कोऱ्या. पितळेची पट्टी बोटाला चिकटू लागली आहे. अभ्रकाची काल ओढली, ती ताणली आणि परत आली.

त्याच बाटलीतून मी एप्रिलमध्ये साताऱ्याच्या एका शाळेसाठी जय-विजयांचे दोन मुकुट रंगवले होते. शाळेला फोन करून गेल्या रविवारी ते परत आणले. एकाच्या आतल्या बाजूला हिरवी कड धरली आहे, दुसरा अजून कोरडा आहे.