धडधड, क्षारांच्या गोळ्या आणि होल्टर

गेल्या उन्हाळ्यापासून छातीत अधूनमधून फडफडल्यासारखे होऊ लागले. एखादा ठोका चुके, मग पुढचे घाईघाईने पडत, आणि मनगटावर बोटे ठेवली तर नाडीला काही लय म्हणून सापडत नसे. माझे वय 66 असून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन बरीच वर्षे चालू आहे. आमच्या गावात फुकट सल्ल्याला तोटा नाही. शेजारच्या वहिनींनी अर्जुनसालीचा काढा सुचवला, तर भाच्याने मॅग्नेशियम-पोटॅशियमच्या गोळ्यांची डबीच मागवून दिली. "मामा, अंगात क्षार कमी पडलेत, महिनाभर घेऊन बघा," असे त्याचे म्हणणे होते.

ते अगदीच निराधार नव्हते. रक्तातील पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम घटले की ठोक्यांची लय बिघडू शकते. मात्र पोटॅशियम वाढल्यानेही ती बिघडते आणि प्रसंगी जिवावर बेतते. त्यातून टेल्मिसार्टन शरीरातील पोटॅशियम राखून ठेवते, म्हणून रक्त तपासल्याशिवाय डबी उघडायची नाही असे मी ठरवले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी काढलेला ईसीजी निर्दोष आला. पण ती पट्टी जेमतेम काही सेकंदांची असते आणि त्या वेळी धडधड नव्हती, हे त्यांनीच सांगून मला लातूरला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, शिवाय थायरॉइड, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियमसाठी रक्त घेतले. पोटॅशियम 4.6 निघाले. साधारण मर्यादा 3.5 ते 5 असल्याने वरून भर घालण्याचे काही कारणच उरले नाही.

खरी परीक्षा होल्टरची, म्हणजे ठोके सलग नोंदवणाऱ्या यंत्राची. छातीवरचे केस काढून चिकटवलेल्या चकत्या, त्यांतून निघालेल्या वायरी आणि कमरेला लहानसे यंत्र, असा सरंजाम 24 तास बाळगायचा होता. आंघोळ बंद. लातूरच्या उकाड्यात घामाने एक चकती सुटू लागली, तेव्हा ती तळहाताने दाबून धरत पंख्याखाली बसलो. फडफड झाली की वेळ आणि त्या वेळी काय करत होतो ते कागदावर लिहायचे होते. जिना चढताना, जेवणानंतर, अशा माझ्या नोंदी बऱ्याच झाल्या.

अहवालात मात्र सर्वांत लांब अनियमितता मी गाढ झोपेत असतानाची निघाली. तो एट्रियल फिब्रिलेशनचा झटका होता. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. पासष्टी ओलांडलेली आणि त्यात रक्तदाब, या दोन्ही गोष्टी हिशेबात धरून डॉक्टरांनी गुठळी रोखणारे अ‍ॅपिक्साबॅन सुरू केले आणि ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी मेटोप्रोलॉल दिले. क्षारांच्या गोळ्यांनी ठोके घटकाभर शांत वाटले असते, तरी गुठळीचा धोका तसाच राहिला असता.

मी डबी आणि काढ्याची पुडी दोन्ही सोबत नेली होती. डॉक्टर रागावले नाहीत. डबीवरचे प्रमाण वाचून त्यांनी ती बंद ठेवायला सांगितली, काढाही नको म्हणाले. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकवर मात्र त्यांनी अधिक बजावले, कारण अ‍ॅपिक्साबॅनबरोबर तिने पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. आमच्याकडे ही गोळी घराघरांत असते. आता दुकानदाराला अ‍ॅपिक्साबॅनची चिठ्ठी आधी दाखवतो, आणि औषधाची मात्रा मूत्रपिंडावरही अवलंबून असल्याने क्रिएटिनिनची तपासणी ठरलेल्या वेळी करून घेतो.