अडवणारं कुणी

"त्याला अडवणारं कुणी नाही का गं?"

भाट्ये गावातल्या घरी, पडवीत रातांबे फोडता फोडता आईने विचारलं आणि दोन्ही पोरं गप्प झाली.

तासभर वाद चालला होता. भाचीच्या मते ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला, काळात प्रवास करणारा नायक ‘डॉक्टर’, म्हणजे त्याचा दहावा अवतार, गर्विष्ठ. पुतण्याला ते पटेना. एवढे जीव वाचवतो, मग थोडी मिजास केली तर बिघडलं कुठे?

आईने एकही भाग पाहिलेला नाही. पण नेमकं बोलली. २००८ च्या भागात ज्वालामुखीने पॉम्पेई हे प्राचीन रोमन शहर जळत असताना डॉक्टर निघून जातो, तेव्हा नवी सोबतीण डॉना रडून सांगते, सगळे नाही तर निदान कुणाला तरी वाचव. तो परत फिरतो, एक कुटुंब वाचवतो. ती त्याच्यावर भाळलेली नाही, म्हणून तर तोंडावर बोलू शकते. मला तीच सगळ्यांत जवळची.

आणि २००९ मध्ये, मंगळावर? सोबत कुणीच नाही. काळाचे नियमही आपलेच म्हणतो. ज्या बाईला वाचवतो, ती ते नाकारून स्वतःचा जीव देते. तो प्रसंग अजून बघवत नाही मला.

आई पुन्हा रातांब्यांकडे वळली. माझ्या डोक्यातून प्रश्न जाईना.

मुंबईहून पैसे पाठवतो, घरातलं सगळं मीच ठरवतो. मला ‘चुकतोयस’ असं शेवटचं कुणी म्हटलं होतं?