फ्रेजल व्हर्बची वही, नववा आठवडा: काय ‘निघालं’ आणि काय ‘बारगळलं’

फ्रेजल व्हर्ब म्हणजे आउट, अप, ऑफ असे छोटे शब्द जोडून बनलेली इंग्रजी क्रियापदं. त्यातला ‘शेवटी काय झालं’ हे सांगणारा गट एका आठवड्यात उरकेन, असं मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तीन आठवडे लागले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि गंमत म्हणजे ‘एंड अप’ या क्रियापदाचा याहून चांगला अर्थ मला अजून सापडलेला नाही.

आधी चूक कबूल करतो. सुरुवातीला मी टर्न आउट, वर्क आउट, पॅन आउट, कम ऑफ आणि एंड अप ही सगळी पाठांतराच्या एकाच कार्डावर लिहून समोर ‘निष्पन्न होणे’ असं ठोकून दिलं होतं. मराठीत निष्पन्न होतं ते फक्त पोलिसांच्या चौकशीत. घरात कोणी असं बोलत नाही, त्यामुळे कार्ड पाठ होऊनही बोलताना यातलं एकही क्रियापद तोंडात येईना. मग ते कार्ड फाडलं आणि प्रत्येक क्रियापदापुढे एकच प्रश्न लिहिला: हेच मी मराठीत बोलताना कोणतं क्रियापद वापरलं असतं?

टर्न आउट लगेच सुटलं. ते आपलं ‘निघणे’. ‘माणूस खोटारडा निघाला’, ‘बातमी खरी निघाली’. आत काहीतरी दडलेलं होतं, ते बाहेर आलं आणि आपण चकित झालो. त्याचा जवळचा समानार्थी प्रूव्ह, पण तिथे मराठी ‘ठरणे’ म्हणते. ‘उपाय निरुपयोगी निघाला’ यात धक्का आहे, ‘निरुपयोगी ठरला’ यात तपासून दिलेला निकाल आहे. इंग्रजीतही प्रूव्ह थोडं औपचारिक आणि पुराव्याच्या बाजूला झुकणारं आहे. फोटोंच्या बाबतीत तर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. फोटो चांगले ‘आले’ म्हणा की ‘निघाले’, तिकडे केम आउट आणि टर्न्ड आउट तयार आहेत.

व्याकरणाची एक खाच: या अर्थाचं टर्न आउट कर्मणीत जात नाही. ‘वॉज टर्न्ड आउट वेल’ हे मी दोनदा लिहिलंय. मराठीत ‘निघवला गेला’ म्हणत नाही, तसंच समजायचं. शिवाय टर्नआउट हे नाम झालं की अर्थ होतो उपस्थिती किंवा मतदान. त्याचा या गटाशी संबंध नाही.

एंड अपवर मी सर्वांत जास्त अडलो. आधी वाटलं, हे आपलं ‘बसणे’: ‘नको ते बोलून बसलो’, ‘भलतंच होऊन बसलं’. पण ‘दे एंडेड अप फ्रेंड्स’ला काय म्हणायचं? मैत्री ‘होऊन बसली’ म्हटलं तर मैत्री झाल्याचं दुःखच वाटतं. आपल्या ‘बसणे’त पश्चात्ताप मुरलेला आहे, एंड अपला तो चालतो पण लागत नाही. त्याला फक्त एवढंच हवं असतं की निघालो होतो एकीकडे आणि पोचलो दुसरीकडे. नंतर ‘टू’ येत नाही: एंडेड अप टू बाय चूक, एंडेड अप बाइंग बरोबर. याचा जुळा भाऊ वाइंड अप. त्याचं भूतकाळी रूप दिसायला जखमेच्या ‘वूंड’सारखंच, पण उच्चार ‘वाउंड’. हे मला चारचौघांत मोठ्याने वाचल्यावर कळलं.

पॅन आउट माझं लाडकं. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे माणसांचा लोंढा लोटला. नदीतली रेती पसरट भांड्यात घेऊन पाण्यात गोल फिरवायची. सोनं पाण्याच्या सुमारे 19 पट जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि हलकी रेती वाहून जाते. अमेरिकेतल्या अशा रेती चाळणाऱ्यांच्या बोलीतून पॅन आउट आलं. म्हणूनच ते ‘बघू कसं पॅन आउट होतंय’ आणि ‘डिडन्ट पॅन आउट’ या दोन ठिकाणी सगळ्यात शोभतं. भांडं अजून फिरतंय, नाहीतर तळ रिकामा आहे. हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर कार्डाची गरजच उरली नाही. वर्क आउट मात्र साधं ‘जमणे’ आहे, फक्त त्याच नावाने गणित सोडवणं आणि व्यायामही चालतो.

कम ऑफ म्हणजे बेत साधणे, पुल ऑफ म्हणजे कोणीतरी तो साधून दाखवणे, गंगेत घोडं न्हाऊ घालणे. ‘इट’ मध्येच बसवायचं: पुल इट ऑफ. कार्यक्रम नीट पार पडला तर गो ऑफ. तेच गो ऑफ बॉम्ब फुटल्यावर आणि दूध नासल्यावरही वापरतात, म्हणून कार्यक्रमाबद्दलच्या वाक्यात ‘वेल’ विसरू नका.

आता फसण्याचा कोपरा. बेत रद्द झाला हे कळवताना मी ‘वी फेल आउट’ लिहिलं आणि उत्तरात काळजीचा प्रश्न आला, भांडण कशावरून झालं? फॉल आउट म्हणजे बिनसणे. मला हवं होतं फॉल थ्रू, म्हणजे बारगळणे: गोष्ट घडण्याआधीच गेली. फिझल आउटमध्ये सुरुवात जोरात आणि मग फुसका बार. पीटर आउटमध्ये आवाजही नाही, ओढ्याचं पाणी आटत जावं तसं सगळं हळूहळू संपतं. आणि ब्लो ओव्हर, म्हणजे वादळ काही न मोडता निघून जाणं, त्याला आपल्याकडे ‘निवळणे’ हा इतका नेमका शब्द आहे की त्या कार्डावर मी दुसरं काही लिहिलंच नाही.

शेक आउट आणि प्ले आउट अजून बाकी आहेत. दोन्हींपुढची मराठी जागा कोरी आहे. प्ले आउटसमोर पेन्सिलीने ‘रंगणे’ लिहून दोनदा खोडलंय.