तुम्ही विचारलंत म्हणून : पाच दिवस, एक गाडी आणि इंग्लंडची खेडी

फेब्रुवारी-मार्च आला की पुण्याहून, डोंबिवलीहून, कधी इंदूरहूनही फोन येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो. “लंडन आम्ही बघूच गं, पण पुढे गाडी घेऊन तिकडची खेडी बघायची आहेत. मे महिन्यात पाच दिवस काढलेत. बरोबर आई-बाबा आणि मुलं आहेत. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर, कॉट्सवोल्ड्स आणि जमलं तर कॉर्नवॉल, एवढं होईल ना?”

मी बरीच वर्षं ऑक्सफर्डशायरमध्ये राहते आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. होणार नाही, आणि ओढूनताणून करूही नका. पाच दिवसांत एकच प्रांत घ्या. त्यात एकच घर भाड्याने घ्या, चारही रात्री तिथेच झोपा आणि रोज अर्धा दिवस बाहेर पडा. प्रांत कुठला म्हणाल, तर पहिल्यांदा येणाऱ्यांना मी कॉट्सवोल्ड्स सांगते. हीथ्रोहून दोन तासांच्या आत तिथे पोचता येतं, चढउतार सौम्य आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

हे ऐकून समोरच्याचा आवाज जरा उतरतो. तिकिटांना एवढा पैसा घातलाय आणि एकाच ठिकाणी बसायचं? ती कळकळ मला समजते. पण या ग्रामीण भागाचं रूप एखाद्या पॉइंटवर उभं राहून दिसत नाही. ते दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर दिसतं. फुललेल्या हॉथॉर्नच्या कुंपणांत, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या-कोकरांत, चर्चच्या आवारातल्या एखाद्या जुन्या यू वृक्षाखाली दिसतं. रोज बॅगा भरून मोटरवेवर तीनशे किलोमीटर धावलात, तर नेमकं तेच निसटतं. इथला मोटरवे तसाही कुठल्याही देशातल्या मोटरवेसारखाच आहे.

कॉट्सवोल्ड्समधली सगळी घरं, चर्चेस, पूल, अगदी शेतांचे बांधसुद्धा एकाच जातीच्या दगडाचे आहेत. हा ज्युरासिक काळातला चुनखडक. उत्तरेकडे तो मधाच्या रंगाचा असतो, दक्षिणेला बाथ शहराकडे जावं तसा फिका होत जातो. शेतांच्या कडेच्या भिंती चुना-सिमेंटशिवाय, नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या आहेत. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही भिंत लगेच ओळखीची वाटेल. एवढ्या लहान गावांत एवढी भव्य चर्चेस कशी, याचं उत्तर आहे लोकर. मध्ययुगात इथली लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची आणि त्या व्यापाऱ्यांनी आपला पैसा चर्चमध्ये ओतला. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये जमिनीवर पितळी पत्रे बसवलेत. त्यांवर कोरलेल्या व्यापाऱ्यांच्या पायाखाली मेंढी आहे, लोकरीचं पोतं आहे. आपली श्रीमंती कशावर उभी होती हे त्यांनी मरणानंतरही लपवलं नाही, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे कापडधंदा वाफेच्या गिरण्यांबरोबर यॉर्कशायरकडे सरकला, इथे पैसा उरला नाही आणि जुनं पाडून नवं बांधणं कुणाला परवडलं नाही. आज आपण जे पाहायला येतो ते त्या मंदीने राखलेलं आहे.

आता पहिला दिवस. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच लांबचा पल्ला मारू नका. मुंबईहून सकाळी उतरलात तर एक रात्र विमानतळाजवळ किंवा लंडनमध्ये काढा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी गाडी घ्या. गाडी लंडनच्या आत घेऊच नका. तिथे शहरात शिरण्याचे वेगळे पैसे भरावे लागतात आणि पार्किंग शोधण्यात जीव जातो. आणखी एक सोपी वाट आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ट्रेनने थेट कॉट्सवोल्ड्समधल्या मोरटन-इन-मार्श या गावी उतरता येतं. गाडी चालवणं नकोच असेल तर तिथे राहून बस, टॅक्सी आणि पाय यांच्यावरही चार दिवस छान जातात.

गाडीने निघालात तर वाटेत स्टोक रो नावाच्या गावात थांबा. ऑक्सफर्डशायरच्या या खेड्यात रस्त्याच्या कडेला सोनेरी घुमटाची छत्री आहे आणि तिच्याखाली सोनेरी हत्ती. ही काशीच्या महाराजांची विहीर. एडवर्ड रीड हे इथले गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात कंपनी सरकारचे अधिकारी होते आणि तिथे त्यांनी एक विहीर खोदून दिली होती. आपल्या गावाकडेही पाण्याचे असेच हाल आहेत, घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून पोराला मार बसतो, असं त्यांनी बोलता बोलता महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलं होतं, असं म्हणतात. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि स्वतःच्या खर्चाने विहीर बांधून दिली. ती १८६४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. खोली ३६८ फूट आणि सगळं खोदकाम माणसांच्या हातांनी. विहिरीच्या देखभालीला पैसा मिळावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली होती. मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर काय वाटेल हे मी सांगायला नको. तरीही बहुतेक सगळे या गावावरून न थांबता पुढे जातात.

गाडी चालवण्याची भीती अनेकांना असते. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते. भारतीय परवाना पाहुण्यांना बारा महिन्यांपर्यंत चालतो, मात्र गाडी देणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या अटी असतात, त्या बुकिंगच्या आधी वाचा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची, यांतलं जे आधी होईल तोवर मुलांना चाइल्ड सीट लागते, तीही आधीच सांगून ठेवा. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पंपावर पेट्रोल आपलं आपणच भरायचं. वेगाचे आकडे मैलांत असतात. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली, की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर साठ मैलांची मर्यादा असते. ती मर्यादा आहे, गाठायचा आकडा नाही. झुडपांच्या मधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर तीसही खूप होतात.

या अरुंद रस्त्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरी मजा आणि खरा घाम दोन्ही तिथेच आहे. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने मागे जाऊन रुंद जागेत थांबायचं. ज्याला ती जागा जवळ तो मागे जातो. जाताना दोघंही हात वर करतात, तुम्हीही करा. घोडेस्वार दिसला तर दहा मैलांच्या आत वेग आणा आणि निदान दोन मीटर अंतर ठेवून सावकाश जा, हॉर्न अजिबात नाही. मोबाइलमधला नकाशा जवळचा म्हणून भलत्याच गल्लीबोळातून नेतो. शक्य असेल तिथे फॉस वे धरा. रोमन लोकांनी पहिल्या शतकात आखलेला हा रस्ता आज ए-४२९ या नावाने मोरटन, स्टो, नॉर्थलीच असा बराचसा सरळ रेषेत जातो.

दिवसाची आखणी मी अशी सुचवते. सकाळी लवकर एक गाव, दुपारी घर, संध्याकाळी चालणं. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी आई-बाबांना झोपू द्या, काही बिघडत नाही. बायबरीतली आर्लिंग्टन रो ही सगळ्या कॅलेंडरांवरची घरांची रांग बघायची असेल तर नवाच्या आत पोचा. नंतर तिथे माणसांशिवाय काही दिसत नाही. त्या घरांत आजही लोक राहतात, खिडक्यांतून डोकावू नका. चिपिंग कॅम्डनला मात्र जास्त वेळ द्या. तिथला १६२७ सालचा दगडी बाजारकट्टा चारी बाजूंनी उघडा आहे. आतली फरशी शतकानुशतकं पायांनी झिजून खालीवर झाली आहे. तिथे बसून पाऊस थांबायची वाट बघण्यातही सुख आहे.

पण मनापासून सांगायची गोष्ट वेगळी आहे. गाडी लावा आणि चाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या अशा वाटा आहेत ज्यांवरून चालायचा हक्क कायद्याने कुणालाही आहे. वाट खासगी शेतातून, कधी कुणाच्या अंगणालगत जाते, तरी मालक अडवू शकत नाही. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. १९३२ मध्ये मँचेस्टरकडच्या कामगार तरुणांनी किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चढाई केली आणि त्यांच्यातले काही तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्याने या वाटांची अधिकृत नोंद करणं बंधनकारक झालं. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात. फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद. बोर्टन-ऑन-द-वॉटर ते लोअर स्लॉटर आणि तिथून ओढ्याच्या काठाने अपर स्लॉटर ही वाट जवळपास सपाट आहे, सावकाश चालणाऱ्या मोठ्यांनाही जमते. अपर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांत गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. इंग्लंडात अशी गावं फार थोडी.

जेवणाचं थोडक्यात. पबची स्वयंपाकघरं बहुधा दोन-अडीचला बंद होतात आणि सहाला उघडतात. तीन वाजता भुकेली मुलं घेऊन दार ठोठावू नका. शाकाहाऱ्यांना काही ना काही मिळतंच, पण घर भाड्याने घेतलंत तर संध्याकाळी मुगाची खिचडी करता येते. आई-बाबांच्या प्रवासाचा अर्धा आनंद त्यात असतो.

एक दुपार मात्र मोरटनजवळच्या सेझिनकोटसाठी राखून ठेवा. इंग्लंडच्या हिरव्या उतारावर, ओकच्या झाडांत अचानक हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट आणि मोगली छज्जे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने हे घर बांधलं. बागेच्या रचनेत हिंदुस्थान फिरून चित्रं काढलेल्या थॉमस डॅनियलचा हात होता. पुलावर नंदी बसलेत आणि तळ्याकाठी सूर्याचं देऊळ आहे. बाग ठरावीक दिवशीच उघडी असते, वेळ आधी बघून जा.

तिथून थोड्या अंतरावर डेल्सफर्ड आहे. आज हे नाव सेंद्रिय मालाच्या दुकानासाठी माहीत आहे, पण मी आपल्या माणसांना तिथल्या छोट्या चर्चच्या आवारात पाठवते. तिथे वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. १७७९ मध्ये वडगाव मावळात मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला, तो तह धुडकावून लढाई पुढे चालू ठेवणारा हाच गव्हर्नर जनरल. शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वडगावावरून आपण पुण्या-मुंबईच्या वाटेवर किती वेळा जातो. त्या गोष्टीचं दुसरं टोक इथे, एवढ्या शांत गावात आहे. मुलांना शाळेत हा धडा असतोच. त्यांना तो तिथे उभं राहून सांगा.

“आणि स्टोनहेंज, ते उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ?” हा पुढचा प्रश्न. दगड दुरूनच बघायचे नसतील तर एव्हबरीला जा. तिथलं वर्तुळ कितीतरी मोठं आहे, दगडांना हात लावता येतो आणि गावाचा एक भाग त्या वर्तुळाच्या आतच वसलाय. पण परतीच्या दिवशी एकच थांबा जमणार असेल तर मी अफिंग्टन निवडेन. टेकडीवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कोरलेला, शंभर मीटरहून लांब पांढरा घोडा आहे. चर खणून त्यात पांढरा खडू ठासून भरलाय. गवत त्याच्यावर सतत चाल करून येतं, म्हणून पिढ्यानपिढ्या माणसं तो साफ करत आली. आजही उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणारी इथली संस्था, स्वयंसेवकांना बोलावून नवा खडू हातोडीने ठोकून घेते. तुमच्या तारखा त्या कामाशी जुळत असतील तर आधी नाव नोंदवा आणि मुलांनाही घेऊन जा. तिथून हीथ्रो सव्वा-दीड तासावर आहे, तेव्हा संध्याकाळचं विमान असेल तर सकाळ तिथे आरामात घालवता येते.